घोडा का अडला? एक कीटकशास्त्रीय उत्तर

आपल्याकडे एक जुने कोडे आहे. पाने का सडली, भाकरी का करपली आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर: न फिरवल्यामुळे. कोडे म्हणून ते चटकदार आहे. अश्वपालनाचा सल्ला म्हणून मात्र फारच अपुरे आहे. काल निमूटपणे खोगीर चढवून घेणारी घोडी आज तंग आवळताना मान वळवून चावायला येते. परवापर्यंत भरल्या ओझ्याने नाला ओलांडणारे खेचर आज त्याच नाल्याच्या काठी पाय रोवून उभे राहते. अशा वेळी मालकाच्या तोंडून निघणारे शब्द ठरलेले असतात: हट्टी झाली, माजली, खोड लागली. या शब्दांनी प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, पण वस्तुतः तो तेथे विचारलाच गेलेला नसतो.

प्रस्तुत लेखकाचा विषय किडींचा. अश्ववैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे आणि त्यात अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणणार नाही. परंतु घोड्याच्या दैनंदिन वागणुकीतील जे चढउतार आपण त्याच्या ‘स्वभावा’च्या खात्यावर टाकतो, त्यांतील मोठा भाग कीटकांच्या खात्यावर टाकला पाहिजे, आणि आपली विस्तारयंत्रणा या हिशेबाकडे पूर्णपणे डोळेझाक करीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न हौशी घोडेस्वारांपुरता आहे, असे कोणी समजू नये. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ३.४ लाख घोडे व तट्टे नोंदली गेली. २०१२मध्ये ही संख्या सुमारे ६.२५ लाख होती. खेचरे आणि गाढवे यांची घट याहूनही अधिक आहे. उरलेल्या जनावरांपैकी बरीचशी वीटभट्टीवर, हिमालयातील यात्रामार्गांवर, माथेरानसारख्या मोटारबंद गिरिस्थानावर, लग्नाच्या वरातीत आणि धनगरांच्या वाड्याबरोबर राबतात. त्यांच्या मालकांपाशी बहुधा एक किंवा दोनच जनावरे असतात. ज्या दिवशी घोडा अडतो त्या दिवशी घरातील मिळकत अडते. मग काय होते? आधी चाबूक, मग काटेरी लगाम, आणि तरीही भागले नाही तर पडत्या भावात विक्री. ‘खोडकर’ म्हणून बाजारात गेलेल्या घोड्याला चांगला धनी क्वचितच मिळतो.

बाजारावरून आठवले. घोडा घेताना आपले जाणकार त्याच्या अंगावरील भोवरे तपासतात; अमुक जागचा भोवरा शुभ, तमुक जागचा म्हणजे खोड. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्राच्या परंपरेत लक्षणांचा विचार बारकाईने झालेला आहे आणि त्या निरीक्षणशक्तीबद्दल मला आदरच आहे. पण केसांचा भोवरा जन्मभर जागचा हलत नाही; स्वभाव मात्र सकाळी एक आणि तिसऱ्या प्रहरी दुसरा असतो. जे रोज बदलते त्याचे कारण कधीही न बदलणाऱ्या खुणेत शोधणे, हे तर्काला धरून नाही. बदलाचे कारण बदलणाऱ्या गोष्टींतच शोधावे लागेल.

अशा बदलणाऱ्या गोष्टींत पहिला मान मी माश्यांना देतो. घोड्याच्या कातडीखाली एक पातळ स्नायुपटल असते. अंगावर एखादी माशी टेकली तरी तेवढ्याच जागची कातडी थरथरवून तिला उडवून लावता यावे, यासाठी. ज्या जनावराला एका माशीचे पाय कळतात, त्याच्यावर दिवसभर शेकडो माश्या बसत असतील तर त्याने शांत राहावे ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. आणि माशी म्हणजे एकच एक शत्रू नव्हे. प्रत्येक जातीची वेळ वेगळी, चावण्याची जागा वेगळी, आणि त्यामुळे घोड्याची प्रतिक्रियाही वेगळी. हा फरक ओळखता आला तर वागणुकीवरून माशी आणि माशीवरून तिची पैदासजागा शोधता येते.

घोडा पाय आपटतो, विशेषतः पुढचे पाय, आणि हे सकाळी उन्हे वर येताना व दुपार कलताना वाढते. अशा वेळी खाली वाकून त्याच्या गुडघ्याखाली पाहावे. घरमाशीसारखीच दिसणारी, पण तोंडापुढे सुईसारखी सोंड रोखलेली माशी तेथे डोके वर करून बसलेली आढळेल. ही स्टोमॉक्सिस, म्हणजे तबेल्यातील चावरी माशी. हिचे नर आणि मादी दोघेही रक्त पितात. पैदास ताज्या शेणापेक्षा मूत्राने भिजलेल्या पेंढ्यात, कुजत पडलेल्या वैरणीच्या थरात अधिक होते. उबदार हवेत अंड्यापासून माशी होण्यास दोन ते तीन आठवडे पुरतात. म्हणजे आजच्या चिडचिडीचे मूळ पंधरवड्यापूर्वी गव्हाणीशेजारी साचू दिलेल्या ओल्या कचऱ्यात असते. मालक मात्र कारण शोधतो आजच्या दिवसात.

घोडा मोकळ्या रानात अचानक उधळतो, डोके झाडतो, पाण्याकाठी जायला नकार देतो आणि हे ऐन उन्हात घडते, तेव्हा संशय टॅबॅनस माशीवर घ्यावा. अनेक भागांत हिला डांस म्हणतात. आकाराने मोठी, डोळे टपोरे. हिची फक्त मादी रक्त पिते, पण तिची मुखांगे पात्यांसारखी असल्याने ती कातडी चिरते आणि वाहणारे रक्त चाटते. वेदना तीव्र असते. हिच्या अळ्या पाणथळ जमिनीत, तळ्याच्या वा ओढ्याच्या काठच्या चिखलात वाढतात. पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या उघडिपीत यांचा जोर असतो. एरवी शहाणे असलेले जनावर दुपारी ओढ्याकाठी अडते आणि संध्याकाळी त्याच वाटेने मुकाट चालते, तेव्हा त्याला वाटेची भीती नसते. त्या वेळच्या त्या जागेची असते. ऊसपट्ट्यात कालव्यालगतच्या पाणंदीवर हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. तेथील एका गाडीवानाने मला सांगितलेले कारण भुताटकीचे होते.

काळ्या व गडद रंगाच्या घोड्यांना या माश्यांचा त्रास पांढऱ्यांपेक्षा अधिक होतो. हंगेरीतील संशोधकांनी २०१०मध्ये दाखवून दिले, की गडद कातडीवरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश टॅबॅनस माश्यांना खेचून घेतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारा प्रकाशही याच जातीचा असतो. २०१९मध्ये घोड्यांवर झेब्र्यासारखे पट्टे असलेली झूल घालून पाहिली गेली, तेव्हा पट्ट्यांच्या भागावर माश्या उतरण्याचे प्रमाण बरेच घटले. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगविल्यावर चावऱ्या माश्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. आपल्या वरातीच्या घोड्याला पट्टे रंगवा, असे मी सुचवणार नाही. नवरदेवाकडची मंडळी मला उभे करणार नाहीत. पण एकाच ठाणावर बांधलेल्या काळ्या आणि पांढऱ्या घोड्यांपैकी काळाच ‘तापट’ का निघतो, याचा विचार करताना ही माहिती उपयोगी पडावी.

सूर्यास्ताच्या सुमारास घोडा आयाळ आणि शेपटीचे मूळ खांबाला घासघासून केस उडवतो, त्यामागे बहुधा क्युलिकॉइडिस जातींची चिलटे असतात. त्यांच्या लाळेची काही घोड्यांना अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी असते. चिलटे उडण्यात अगदी दुबळी; तबेल्यात साधा पंखा चालू ठेवला तरी वाऱ्यापुढे त्यांचे काही चालत नाही. या चिमुकल्या कीटकाला क्षुद्र मानणाऱ्यांनी आफ्रिकी अश्वरोगाचा इतिहास आठवावा. आफ्रिकेतून मध्यपूर्वेमार्गे तो रोग १९६०मध्ये भारतात पोहोचला, घोडे मोठ्या संख्येने मेले, आणि त्याचा प्रसार चिलटांमार्फतच होतो.

सर्वांत मजेशीर प्रकार गॅस्टेरोफिलस माशीचा. ती चावत नाही. प्रौढ माशीला खाण्याजोगे तोंडच नसते. मधमाशीसारखी गुणगुणत ती येते आणि घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांना पिवळसर अंडी चिकटवून जाते. घोडा पाय चाटतो, तोंडाच्या उबेने व ओलाव्याने अंडी फुटतात, अळ्या तोंडातून जठरात जाऊन अस्तराला महिनोन्‌महिने चिकटून राहतात. न चावणाऱ्या या माशीच्या नुसत्या आवाजाने घोडे बेभान होतात. बघणाऱ्याला घोड्यावर काहीच दिसत नाही आणि ‘उगाच बुजतो’ असा शिक्का बसतो. पायांवरच्या केसांत खसखशीएवढे पिवळे ठिपके दिसतात का, एवढे पाहायला खराऱ्याच्या वेळी अर्धे मिनिट लागते.

येथवरचे सारे त्रासाचे झाले. आता जिवावरच्या गोष्टीकडे येतो, कारण घोडे खरे तर इथेच पेंड खाते. १८८०मध्ये डेरा इस्माइल खान येथे (हे ठिकाण आता पाकिस्तानात आहे) ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने ‘सर्रा’ रोगाने पछाडलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा एकपेशीय परजीवी पाहिला. तोच ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. डांस आणि चावरी माशी त्याला एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. माशीच्या शरीरात त्याची वाढ होत नाही. अर्धवट रक्त पिऊन उडालेली माशी काही मिनिटांत शेजारच्या जनावराला चावली, की रक्ताने माखलेल्या सोंडेतून तो पोहोचतो. गाई-म्हशींत हा परजीवी अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता नांदतो. म्हणून म्हशींच्या दावणीला लागून बांधलेला घोडा धोक्यात असतो, आणि म्हैस धडधाकट दिसत असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

रोजच्या बदलत्या वागणुकीशी या रोगाचा संबंध मुळातला आहे. परजीवी आपले बाह्य आवरण पुन्हा पुन्हा बदलतो. घोड्याच्या प्रतिकारशक्तीने एका रूपाला ओळखून संपवावे, तोवर दुसऱ्या रूपातील परजीवी वाढलेले असतात. त्यामुळे रक्तातील त्यांची संख्या लाटांसारखी चढते-उतरते आणि तापही येऊनजाऊन राहतो. घोडा दोन दिवस मलूल, मग चार दिवस ठीक, पुन्हा मलूल. मालकाच्या दृष्टीने हा ‘मूडचा’ घोडा: मनात आले तर पळतो, नाही तर नाही. पुढे वजन उतरते, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकी पडते, पायांवर व पोटाखाली सूज येते, मागचे पाय डळमळू लागतात. तेव्हा कोठे दवाखान्याची वाट धरली जाते. तोवर बराच उशीर झालेला असतो. तिथेही रक्त ताप नसलेल्या दिवशी घेतले गेले, तर काचपट्टीवर परजीवी दिसेलच असे नाही, आणि अहवाल ‘काही नाही’ म्हणून येतो. लक्षणे चालूच असतील तर अशा अहवालावर विसंबू नये. ताप चढलेला असताना पुन्हा रक्त द्यावे, आणि रक्तद्रव्य चाचणीविषयी पशुवैद्यकांना विचारावे.

निरोगी प्रौढ घोड्याचे गुदद्वारातील तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. थर्मामीटर घोड्याच्या एका दिवसाच्या चंदीपेक्षा स्वस्त आहे. तरीही ज्याच्या घरी खोगीर, झूल, घुंगरांची माळ आणि तीन प्रकारचे लगाम आहेत, अशा किती जणांकडे तो असतो?

कीटकांखेरीज इतर कारणे आहेतच आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, पण ते सौम्य करणारी लाळ केवळ चावतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो ते उगाच नव्हे. दोन वेळा चंदी आणि मध्ये रिकामी गव्हाण अशी पद्धत असेल तर जठरात व्रण होतात आणि तंग आवळताना घोडा चावतो. झोपेचेही तसेच. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ स्वप्नावस्थेतील झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. जमीन ओली असेल, आगाडी-पिछाडी आखूड बांधलेली असेल किंवा रात्रभर डास-चिलटे फोडून काढत असतील, तर तो आडवा होत नाही. माजावरील घोडीचा पाच-सात दिवसांचा बदल सर्वांना ठाऊक आहे. वेदनेच्या चेहऱ्यावरील खुणांचे मोजमाप २०१४पासून उपलब्ध आहे: मागे ताठ वळलेले कान, आकसलेल्या पापण्या, डोळ्यांवरचा ताण, घट्ट झालेले जबड्याचे स्नायू, आवळलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. ज्याला आपण ‘रागीट चेहरा’ म्हणतो तो पुष्कळदा दुखणाऱ्या पाठीचा चेहरा असतो.

आणि माणूस? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७मध्ये दाखवले, की हान्सला गणित येत नव्हते. उत्तर जवळ आले की प्रश्नकर्त्याच्या शरीरात नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. माझ्या मते गणित येण्यापेक्षा ही करामत मोठी आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात घोड्यांना सकाळी एखाद्याच्या रागीट किंवा हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र दाखवले गेले. काही तासांनी ती व्यक्ती साध्या चेहऱ्याने समोर आली तेव्हा त्यांची वागणूक आधी पाहिलेल्या भावानुसार वेगळी होती. तेव्हा काल मोतद्दार कोणत्या मनःस्थितीत होता, हेही घोड्याच्या आजच्या मनःस्थितीचे एक कारण असू शकते.

मग माझा आग्रह कीटकांवरच का? एक तर ही कारणे बाहेरची, मोजता येणारी आणि बव्हंशी स्वस्तात हटवता येणारी आहेत. दुसरे, त्यांना कोणी वाली नाही. आमचे कीटकशास्त्र पिकाच्या बांधावर थांबते. बोंडअळीपासून लष्करी अळीपर्यंत सारे आम्हाला मुखोद्गत, पण गोठ्यात शिरताच आम्ही ‘तो पशुवैद्यकांचा विषय’ म्हणून मोकळे होतो. पशुवैद्यक जनावर तपासतात, औषध देतात. उकिरडा, पाणथळ जागा, सांडपाण्याचा चर या त्यांच्या कक्षेबाहेरच्या गोष्टी. माशी नेमकी या दोहोंच्या मधल्या जागेत वाढते. त्यातून घोडा दूध देत नाही, नांगरही ओढत नाही, म्हणून सल्लापत्रिकांत त्याचे नावही नसते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे काम मोलाचे आहे, पण गावातल्या एका घोड्याच्या मालकापर्यंत ते पोहोचवायचे कोणी, याचे उत्तर जिल्हा पातळीवर मिळत नाही. कृषी विज्ञान केंद्रांतील कीटकशास्त्रज्ञांनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी, असे मी सुचवतो. त्यासाठी नवे पद नको, नवी योजना नको.

पद्धतही आपल्याजवळ तयार आहे. कपाशीत फवारणीचा निर्णय आपण एका झाडावरून घेत नाही. ठरावीक झाडे, ठरावीक दिवशी, ठरावीक रीतीने मोजतो आणि नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहतो. तोच शिरस्ता घोड्याला लावावा. रोज एकाच वेळी, काम सुरू होण्यापूर्वी, एक मिनिट उभे राहून त्याने किती वेळा पाय आपटले आणि किती वेळा शेपूट झाडली ते मोजावे. आकडा वहीत लिहावा. शेजारी तापमान, खाल्ले की उरवले, लीद कशी होती, अंगावर लोळल्याच्या खुणा आहेत का, आदल्या दिवशी पाऊस होता का आणि काम कोणी करवून घेतले. घोडा अडला किंवा उधळला तर जागा व वेळ. पंधरा दिवसांत त्या जनावराची स्वतःची सरासरी हाती येते आणि मग ‘आज बिघडला आहे’ या वाक्याला अर्थ प्राप्त होतो. एका घोड्याची सरासरी दुसऱ्याला लावू नये. गाढव तर वेदना इतकी दडवते, की त्याचे किंचित गप्प होणेही गंभीर समजावे.

उपायांविषयी थोडेच लिहितो, कारण ते परिचित आहेत. ओला पेंढा रोज हलवावा, लीद पातळ पसरून वाळवावी किंवा खत झाकून कुजवावे, म्हशींपासून अंतर ठेवावे, डांसांच्या हंगामात पाणवठ्याची वेळ सकाळी लवकर ठेवावी. भर दुपारच्या कामाबद्दल तर कायदाही सांगतो: ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५च्या नियमांनुसार ३७ अंशांवर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन त्यांच्याकडून काम घेता येत नाही. कडुनिंबाचा धूर करायचा तर तबेल्याबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून. घोड्याची श्वसनसंस्था नाजूक असते. एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. गोचिडांसाठी गाईम्हशींवर सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ घोड्यावर कदापि वापरू नये. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकून तीव्र पोटशूळ होतो, जनावर गुंगल्यासारखे उभे राहते; आणि त्या गुंगीला ‘औषध लागू पडले, घोडा शांत झाला’ असे समजले जाण्याची भीती असते.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. पावसाळ्यातील माश्यांचा हंगाम नुकताच सरलेला असतो, सर्ऱ्याची लागण झालेली जनावरे अद्याप धडधाकट दिसत असतात, आणि ती निरनिराळ्या राज्यांत परतणार असतात. तेथे भोवरे पाहणारे जाणकार दर दहा पावलांवर भेटतात. त्यांच्या शेजारी एक टेबल, एक थर्मामीटर, रक्ताच्या काचपट्ट्या आणि माश्यांचे चार नमुने घेऊन एक पशुवैद्यक व एक कीटकशास्त्रज्ञ बसवायला लागतो तो दोन दिवसांचा प्रवासभत्ता. तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर या पत्रिकेच्या वाचकांपैकी कोणी तरी येत्या हंगामाआधी काढू शकेल.